कोड वाचणारे हवेत



पदवीदान समारंभात पाहुण्याने मोठी स्वप्नं बघायला सांगायचं असतं. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मी तुमच्यासाठी एक काम घेऊन आलोय. काम बिनपगारी आहे, त्यात नाव फारसं होत नाही, आणि चूक झाली तर ती भोगावी लागते दुसऱ्याच कुणाला. इंटरनेटवर माणसाचा खासगीपणा राखणारी मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहेत ना, त्यांचा कोड लिहिण्याचं आणि त्याहून जास्त, वाचण्याचं हे काम.

टॉरचंच उदाहरण घेऊ. १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत ही कल्पना जन्मली. तुमची माहिती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी थराथरांत गुंडाळायची आणि तीन रिलेंमधून पाठवायची. प्रत्येक रिले आपल्यापुरता एक थर सोलतो. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, पण कुठे निघालात ते कळत नाही. शेवटच्याला कुठे निघालात ते दिसतं, पण तुम्ही कोण ते दिसत नाही. मधल्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

नौदलाला हे जाळं स्वतःपुरतं ठेवता आलं असतं, पण मग त्याचा उपयोग शून्य. ज्या वाटेने फक्त नौदलाची माणसं येतात, तिथून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचाच, हे शेंबडं पोरही ओळखेल. लपायचं तर गर्दी हवी, आणि गर्दी तऱ्हेतऱ्हेच्या लोकांची हवी. म्हणून कोड मुक्त परवान्याखाली खुला झाला आणि २००६ मध्ये तो सांभाळायला ना-नफा संस्था उभी राहिली. आज जगभर हजारो रिले चालतात, बहुतेक स्वयंसेवकांच्या खर्चाने. या प्रकल्पाला बराच पैसा अमेरिकी सरकारकडून आला, यावर अनेकांनी बोट ठेवलं आहे. ठेवावंच. पण कोड उघडा आहे. पैसे कोणी दिले यावर विश्वास ठेवायचा की कोडमध्ये काय आहे ते बघायचं, हा पर्याय तुम्हाला आहे. बंद सॉफ्टवेअरमध्ये तो नसतो.

मागच्या रांगांत बसलेल्या पालकांच्या मनातला प्रश्न मला दिसतोय: हे सगळं गुन्हेगारच वापरतात ना? गुन्हेगारही वापरतात, नाकारण्यात अर्थ नाही. पण पत्रकार वापरतात, नवऱ्याच्या पाळतीतून सुटू पाहणारी बाई वापरते, आणि जिथे सरकारच वेबसाइट बंद करतं तिथली साधी माणसंही वापरतात. आपल्याकडे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. हक्क निकालपत्रात आला. तुमच्या फोनमध्ये तो उतरवायला कोड लागतो, आणि तो कोड कुणीतरी बसून नीट लिहावा लागतो.

नीट म्हणजे काय, यासाठी एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण तो प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवला जावा असं मला वाटतं. २००६ साली डेबियन या लिनक्स वितरणाच्या एका स्वयंसेवकाने ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या पॅकेजमधल्या दोन ओळी बंद केल्या. मेमरी तपासणारं एक साधन त्या ओळींवर सारखी कुरकुर करत होतं: जी मेमरी अजून भरलेलीच नाही, ती वाचताय कशी? ओळी गेल्या, इशारे थांबले, बिल्ड स्वच्छ झालं. पण त्यातली एक ओळ रँडम आकडे तयार करताना खरा रँडमपणा आत ओतत होती. ती गेल्यावर त्या जागी बदलतं असं उरलं काय, तर फक्त प्रोसेसचा क्रमांक. त्या काळच्या लिनक्सवर हा क्रमांक सहसा ३२,७६८च्या वर जात नसे. म्हणजे या आकड्यांतून बनणारी जी किल्ली ओळखायला जगातले सगळे संगणक पुरू नयेत, ती एका छोट्या यादीतली एक होऊन बसली. ही यादी तुमच्यापैकी कुणीही लॅपटॉपवर तयार करू शकला असता. मे २००८मध्ये हे उघडकीस आलं, तोवर दीड वर्षाहून जास्त काळ डेबियन आणि उबुंटूवर बनलेल्या अगणित किल्ल्या रद्दी ठरल्या होत्या.

त्या स्वयंसेवकाला नावं ठेवणं सोपं आहे. त्याच्या मनात खोट नव्हती. ओळी काढण्याआधी त्याने मूळ प्रकल्पाच्या लोकांना विचारलंही होतं. उत्तर देणाऱ्यांनी प्रश्न वरवर वाचला, एवढंच. सगळे घाईत होते आणि सगळे फुकट काम करत होते.

उलट्या बाजूचा प्रसंग २०२४चा. एक्सझेड हे फाइली आवळून लहान करणारं साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं. ते सांभाळणारा माणूस थकलेला होता, एकटा होता. जिया टॅन नावाने एक ‘स्वयंसेवक’ आला, दोन वर्षांहून अधिक काळ शहाण्यासारखे पॅच पाठवत राहिला, विश्वास मिळवला, हक्क मिळवले आणि मग नव्या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दिसलं की एसएसएचने दूरच्या संगणकावर लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त जातोय. एवढ्याशा वेळाकडे दुसऱ्या कुणी ढुंकून पाहिलं नसतं. फ्रॉइंड खोदत गेला. हा चोरदरवाजा जगभरच्या सर्व्हरवर पोहोचला असता, तो अर्ध्या सेकंदापायी थांबला.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग नवख्यांनी तिकडे फिरकूच नये का? फिरकावं, पण कसं ते बघा. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये एका ऑनलाइन उपक्रमाचा टी-शर्ट मिळवण्यासाठी हजारो जणांनी मुक्त प्रकल्पांवर पुल रिक्वेस्टचा, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या प्रस्तावांचा, पाऊस पाडला. रीडमीमध्ये ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असे शब्द घालायचे आणि पाठवून द्यायचं. त्यात आपल्या देशातले विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, आणि प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनर मंडळींनी तेव्हा आपल्याबद्दल जे म्हटलं ते मी या व्यासपीठावरून सांगणार नाही. एकेक रिक्वेस्ट बंद करायला माणूस लागतो, आणि तो माणूस त्या वेळात खरा बग बघू शकला असता. बायोडेटात एक ओळ वाढावी म्हणून खासगीपणाच्या प्रकल्पात जाऊ नका. त्यासाठी दुसरी बरीच ठिकाणं आहेत.

शिकायला जायचं असेल तर वाट मोकळी आहे. गूगल समर ऑफ कोड हा उपक्रम २००५ पासून चालतो, टॉरने त्यात २००७ पासून अनेक वर्षं विद्यार्थी घेतले, आणि २०२२ पासून नोकरी करणारा नवखाही अर्ज करू शकतो. तिथे मानधन मिळतं, मार्गदर्शक मिळतो. माझ्या लेखी खरी कसोटी लागते उन्हाळा संपल्यावर. मानधन थांबलं की बहुतेक जण जातात आणि त्यांनी लिहिलेला कोड मेंटेनरच्या गळ्यात पडतो. जे थांबतात, तेच पुढे मेंटेनर होतात.

कोड लिहिता येत नसेल तरी करण्यासारखं काही आहे. स्नोफ्लेक नावाचं एक छोटं एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये बसवलं की ज्या देशात टॉर अडवलेलं आहे तिथल्या कुणासाठी तुमचा संगणक आत शिरायचा पहिला दरवाजा होतो. तो माणूस कुठल्या वेबसाइटवर जातो ते तुम्हाला दिसत नाही आणि त्या वेबसाइटला तुमचा पत्ताही दिसत नाही.

आता पैशाचं. जीएनयूपीजी हे एन्क्रिप्शनचं साधन वेर्नर कोख या जर्मन माणसाने १९९७पासून, बराच काळ जवळजवळ एकहाती, सांभाळलं. जगभरचे पत्रकार त्याच्या भरवशावर काम करत होते आणि तो स्वतः पैशाच्या ओढाताणीत होता. २०१५ साली ही बातमी छापून आली तेव्हा कुठे देणग्या आल्या, मोठ्या कंपन्यांनीही खिशात हात घातला. तुमच्यापैकी अनेक जण थोड्याच वर्षांत अशा खुर्चीत बसतील जिथे सॉफ्टवेअरच्या खर्चावर सही करावी लागते. त्या दिवशी यादी काढा, आपली कंपनी कुणाकुणाच्या फुकट श्रमावर उभी आहे याची, आणि त्यातल्या एखाद्या नावापुढे रक्कम लिहा.

आणि ज्यांना खरंच या कामात उतरायचं आहे त्यांना एवढंच सांगतो. एकच प्रकल्प निवडा. त्याचा कोड आपल्या मशीनवर बिल्ड करून बघा. पहिल्या फेरीत तो होणार नाही, तेव्हा सूचनांमध्ये काय राहून गेलंय ते नोंदवा आणि तोच तुमचा पहिला पॅच असू द्या. इतरांच्या पुल रिक्वेस्ट वाचा, त्यांवर आलेले आक्षेप वाचा. एखादी ओळ निरुपयोगी वाटली तर ती काढण्याआधी तिथे कुणी, कधी आणि का घातली ते इतिहासात जाऊन शोधा. कारण सापडलं नाही तर विचारा, आणि नीट उत्तर मिळेपर्यंत पुन्हा विचारा.