पोटावरची पिशवी लपवू नका

 

आज कर्जाचं किंवा शेळीपालनाचं बोलायचं नाही. बैठकीत ज्यांचं नाव आपण घेत नाही अशा दुखण्यांबद्दल बोलायचं आहे. पोटावर बसवलेली पिशवी, महिनोन्‌महिने न भरणारी जखम, आणि खोकलं-शिंकलं की सुटणारी लघवी. सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

आमच्या एका गटातल्या काकू सलग चार बैठकांना आल्या नाहीत. बचतीचे पैसे मुलाच्या हाती यायचे, त्या यायच्या नाहीत. पंचसूत्रीतलं पहिलंच सूत्र नियमित बैठक. आम्ही ठरावाप्रमाणे दंड लावला. पाचव्या बैठकीत त्यांचं नाव कमी करायचा विषय निघाला, तेव्हा एक ताई म्हणाली, "आधी घरी तर जाऊन येऊ."

गेलो. काकू मागच्या खोलीत होत्या. अंथरूण वेगळं, ताट-तांब्या वेगळा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि शौच बाहेर पडायला पोटावर नवी वाट केली होती. तिच्यावर लावलेली पिशवी सारखी गळत होती. भोवतीची कातडी पोळल्यासारखी लालबुंद झालेली. दवाखान्यातून सोडताना पिशवी कशी लावायची हे कुणी शिकवलंच नव्हतं. शौच कमी व्हावी म्हणून त्या एकच वेळ जेवत होत्या. म्हणाल्या, "तुमच्यात येऊन बसले अन् पिशवी सुटली, तर तोंड कुठं लपवू?" आणि आम्ही या बाईला दंड लावून बसलो होतो.

मैत्रिणींनो, पोटावर काढलेल्या या वाटेला डॉक्टर स्टोमा म्हणतात. आतड्याचं टोक पोटाच्या कातडीवर आणून शिवलेलं असतं. ते आपल्या ओठाच्या आतल्या बाजूसारखं लाल आणि ओलं दिसतं. त्याला हात लावला तर दुखत नाही. पुसताना कधी थोडं रक्त लागतं, त्याला घाबरायचं नाही. कॅन्सर, आतड्याला पीळ पडणं, अपघात, अशा कारणांनी स्टोमा करावा लागतो. काहींचा काही महिन्यांनी परत बंद करता येतो, काहींचा कायम राहतो. तो संसर्गाचा रोग नाही. ताट वेगळं करायचं काहीच कारण नाही.

आम्ही काकूंना शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरांना या कामाची माहिती होती. त्यांनी कागदाने स्टोमाचं माप घेतलं आणि दोन मिनिटांत दोष सांगितला. पिशवीचं भोक मोठं कापलं जात होतं, म्हणून शौच कातडीला लागत होती. ऑपरेशननंतर सूज उतरते, तसा स्टोमा पहिले दीड-दोन महिने आकसत जातो, म्हणून माप पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. हे कुणी सांगितलंच नसेल, तर घरच्यांना कळणार कसं?

सिस्टरांनी जे शिकवलं ते लिहून घ्या. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं. कातडी साध्या पाण्याने धुवायची आणि मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडी करायची. तेल, स्पिरिट, डेटॉल लावायचं नाही. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची. पूर्ण भरू दिली तर वजनाने सुटते. भाकरी खायची, पण बारीक चावून. कांदा, कोबी, अंडी यांनी वारा आणि वास वाढतो, बाहेर जायच्या दिवशी ते कमी घ्यावं. जड घागर, पोतं उचलायचं नाही, कारण स्टोमाशेजारी हर्निया होतो. लहान आतड्याचा स्टोमा असेल तर शौच पातळ आणि जास्त होते, त्यामुळे उन्हाळ्यात अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं. पाणी आणि मीठ-साखरेचं पाणी कसं, किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि स्टोमा काळा-निळा पडला, किंवा शौच थांबून पोट फुगलं, दुखलं, उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

हे शिकवणाऱ्या सिस्टरांचं वेगळं शिक्षण असतं. त्याची सुरुवात एका रुग्ण बाईनेच केली. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात नॉर्मा गिल नावाच्या बाईंवर १९५४ साली डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी असं ऑपरेशन केलं. त्या परिचारिका नव्हत्या. पण स्वतः जे सोसलं त्यातून त्या दुसऱ्या रुग्णांना शिकवू लागल्या. डॉक्टरांनी १९५८ मध्ये त्यांना याच कामावर घेतलं आणि १९६१ मध्ये तिथे शिक्षणवर्ग सुरू झाला. त्या काळी कातडी वाचवायला कराया डिंक वापरत. हा डिंक मुख्यतः भारतातून जायचा. आपल्या कोरड्या डोंगरांवर पांढऱ्या खोडाचं कांडोळाचं झाड असतं ना, ज्याला काही लोक भुताचं झाड म्हणतात, त्याचाच हा डिंक.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात परिचारिकांना हे शिक्षण मिळतं. ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांसाठी काम करणारी संस्थाही मुंबईतच आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालय आहे, आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. कुठेही ऑपरेशन होवो, आधीच विचारा: स्टोमाची माहिती असलेल्या सिस्टर कोण? सुट्टी देण्याआधी पिशवी आमच्या हाताने बदलून बघू द्या, असं म्हणा. रुग्णाने एकदा आणि घरातल्या एकाने एकदा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा आणि योजनेतून काय मिळतं, पिशव्यांचं काय, हे ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या.

आता जखमेचं. साखरेच्या रुग्णाने रोज रात्री दोन्ही तळपाय बघायचे, दिसत नसेल तर सुनेला-नातवाला दाखवायचे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. जखमेत हळद, चुना, राख, तपकीर भरायची नाही. जखम काळी पडली, वास आला, ताप आला, की थांबायचं नाही.

आणि तिसरं दुखणं तर आपल्यातल्या कितीतरी जणींचं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १९८९ मध्ये ते लॅन्सेट या नियतकालिकात छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रियांचा काही ना काही आजार होता, आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८. बाकीच्या गप्प होत्या. लघवी सुटणं, अंग बाहेर येणं हे बाळंतपणाचं देणं म्हणून आपणही असंच सोसतो. उसाच्या मोळ्या उचलणाऱ्या बायांना तर हे विचारूनच बघा.

लघवी सुटते म्हणून पाणी कमी पिऊ नका, त्याने जळजळ वाढते. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळून पाच अंक मोजायचे आणि सोडायचे. एका वेळी दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करत असताना मात्र हा व्यायाम करू नका. फरक पडायला तीन महिने लागू शकतात. अंग बाहेर येत असेल, लघवीत रक्त असेल किंवा सारखी गळतच असेल, तर आशाताईंना सांगून डॉक्टरांना दाखवा.

काकूंचं पुढे काय झालं? दंड आम्ही ठराव करून मागे घेतला. पिशव्यांसाठी त्यांनी अंतर्गत कर्ज मागितलं, तेव्हा एकीने विचारलं, "यातून उत्पन्न काय येणार?" चर्चा बराच वेळ चालली. शेवटी कर्ज मंजूर झालं, आणि आता नियमात आम्ही एक ओळ घातली आहे: सलग दोन बैठका चुकल्या तर दंडाआधी दोघींनी घरी जाऊन यायचं.

काकू आता बैठकीला येतात. दाराजवळ बसतात, म्हणजे लागलं तर उठून जाता येतं. ती जागा आम्ही त्यांच्यासाठी ठेवतो. तुमच्या गटात कोण येईनाशी झाली आहे, ते आज हजेरीपत्रक काढून बघा. आणि उद्या तिच्या घरी जाऊन या.