शेगडी आली, पण चूल का विझली नाही?



१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा शुभारंभ झाला आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत आठ कोटींचा टप्पा पूर्ण झाला. साडेतीन वर्षांच्या आत एवढे काम उभे राहिले, ही अभिमानाचीच गोष्ट होय. पण जोडणी मिळणे आणि चूल विझणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९च्या अहवालाने त्यावर बोट ठेवले. ३१ मार्च २०१८ रोजी ज्यांच्या जोडणीला वर्ष पूर्ण झाले होते, अशा १.९३ कोटी ग्राहकांनी वर्षाकाठी सरासरी ३.६६ सिलिंडर घेतले होते. आपल्या घरी १४.२ किलोचे सिलिंडर महिना-दीड महिना पुरते. मग त्या घरांतला उरलेला स्वयंपाक कशावर झाला?

शहरातला माणूस चटकन म्हणतो, 'सवय जात नाही.' हा त्या माउलीवर अन्याय आहे. तिचा हिशेब चोख असतो. सरपण ती रानातून वेचून आणते. त्याला पैसा पडत नाही. पडतात ते तिचे श्रम, आणि ते घरखर्चाच्या वहीत कधीच मांडले जात नाहीत. डोळ्यांत नि छातीत जाणारा धूर तर कोणत्याच वहीत नसतो. सिलिंडरला मात्र एकरकमी रोकड लागते. रोजंदारीच्या घरात रोकड बाजाराच्या दिवशी येते आणि बाजारातच संपते. म्हणून गॅस पाहुण्यांच्या चहाला आणि पावसाळ्यात सरपण भिजले की; भाकरी नि आंघोळीचे पाणी चुलीवर.

योजनेच्या रचनेतही एक मेख होती. शेगडी व पहिले सिलिंडर ज्यांनी कर्जाऊ घेतले, त्यांचे अनुदान त्या कर्जापोटी वळते होई. म्हणजे सुखवस्तू ग्राहकाच्या खात्यात अनुदान जमा होत होते आणि दारिद्र्यातली बाई पूर्ण बाजारभाव मोजत होती! हे लक्षात आल्यावर १ एप्रिल २०१८ पासून सहा सिलिंडरांपुरती वसुली थांबवण्यात आली. पाच किलोच्या लहान सिलिंडरचा पर्यायही मिळाला.

पुढे जोडण्या वाढल्या तशी सरासरी उलट घसरली. २०१९-२० मध्ये ती ३.०१ होती. मे २०२२ मध्ये सिलिंडरमागे २०० रुपयांचे अनुदान सुरू झाले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० झाले. २०२३-२४ ची सरासरी ३.९५ भरली. चार वर्षांत जेमतेम एक सिलिंडर वाढले. बंबाचे नि भाकरीचे जळण त्यात बसत नाही.