मानेतली नळी आणि आपले हात

(रविवारच्या उपासनेनंतर मंडळीत केलेले भाषण)



आपल्या दानातून दुर्गम पाड्यांवरची आजारी मुले शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत पोहोचतात. आपण त्यांना भेटायलाही जाता, त्याबद्दल मी देवाचे उपकार मानते. आज त्या भेटींविषयीच थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

रक्ताचा कर्करोग झालेल्या किंवा अतिदक्षता विभागातल्या मुलाच्या मानेत, छातीवर किंवा दंडात एक बारीक नळी आपण पाहिली असेल. तिला सेंट्रल लाइन म्हणतात. हातावरची सलाईनची सुई थोड्याच दिवसांत बदलावी लागते. ही नळी मात्र हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाते आणि कधी कधी महिनोन्‌महिने राहते. केमोथेरपीची काही औषधे लहान शिरेला जाळतात, म्हणून ती लागते. लेकराचे रोजचे टोचणेही वाचते. पण जी वाट औषधाला मोकळी, तीच जंतूंनाही मोकळी. आपल्या कातडीवर निमूट राहणारे जंतू त्या वाटेने थेट रक्तात शिरतात, आणि केमोमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाच्या ते काही तासांत जिवावर बेतू शकते.

हे अटळ नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट व सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत पाच साध्या गोष्टी नेमाने करवून घेतल्या: हात धुणे, नळी घालताना रुग्णाला निर्जंतुक कापडाने पूर्ण झाकणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे, गरज संपताच नळी काढणे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार दीड वर्षात असे संसर्ग 66 टक्क्यांपर्यंत घटले. ते विभाग बहुतेक मोठ्या माणसांचे होते. मुलांच्या बाबतीत पुढे दिसले की नळी घातल्यानंतरची रोजची काळजी अधिक मोलाची. औषध जोडण्याआधी दर वेळी नळीचे तोंड घासून पुसायचे, ओले किंवा सुटलेले ड्रेसिंग लगेच बदलायचे. हे सिस्टरांचे काम.

मग आपले काय? आपण आठ-दहा जण खाटेभोवती उभे राहतो, मुलावर हात ठेवतो, तेल लावतो. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय मलाही ठाऊक आहे आणि तो मी नाकारत नाही. पण तेलाने ड्रेसिंगची चिकटपट्टी सुटते. म्हणून दोघांनीच आत जावे, साबणाने हात धुऊन जावे. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नये. तेल लावायचेच तर सिस्टरांना विचारून, कपाळापुरते. बाकीच्यांनी बाहेर बाकावर बसून प्रार्थना करावी. ती देवापर्यंत पोहोचत नाही असे कोणी पाळकसाहेब म्हणतील असे वाटत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. धडगावकडच्या एका आईला नळीबद्दलच्या सूचना हिंदीत दिल्या होत्या. ती "हो, हो" म्हणाली. लेकीला अंघोळ घालताना ड्रेसिंग भिजले, तेव्हा तिने त्यावर पदराने पुसून वर फडके बांधले. माया कमी नव्हती, शब्द कळले नव्हते. मग आमच्या पावरी बोलणाऱ्या कार्यकर्तीने एका बाहुलीला दोरा चिकटवून सगळे करून दाखवले आणि तिच्याकडूनही करवून घेतले. त्यानंतर नळीला हात लावायला येणाऱ्या प्रत्येकाला ती बाई आपले दोन्ही तळवे चोळून दाखवू लागली. एक तरुण डॉक्टर हसून बेसिनकडे परतला. अशी एक कार्यकर्ती वॉर्डात बसवणे हे आपल्याला परवडणारे आहे.

शेवटी, नळीसह घरी आलेल्या मुलांबद्दल. ताप 38 अंशांवर गेला किंवा नळीतून औषध दिल्यावर हुडहुडी भरली, तर सकाळची वाट पाहायची नाही, तापाची गोळी देऊन थांबायचे नाही. थेट रुग्णालय गाठायचे. डोंगरातल्या पाड्यावरून रात्री जीप मिळते, पण जीपवाला आधी पैसे मागतो, आणि तिथेच पहाट होते. म्हणून अशा प्रत्येक कुटुंबाच्या हाती जीपभाड्याचे पाकीट आधीच द्यावे, अशी विनंती मी कमिटीपुढे ठेवली आहे. सध्या आपल्याकडची तीन मुले नळीसह घरी आहेत. अर्पणपेटीशेजारी आज वेगळा डबा ठेवला आहे.