मधली नावे



विज्ञान अधिवेशनाच्या अध्यक्षाने ‘विज्ञान आणि समाज’ असा एखादा ऐसपैस विषय घ्यावा, हा आपल्याकडचा रिवाज. तो मी आज मोडतो आहे. पेशीपटलातल्या प्रथिनांची रचना शोधणाऱ्या गटांबद्दल मला बोलायचे आहे. त्यातही ज्यांची नावे शोधनिबंधात मध्येच कुठेतरी छापली जातात, त्यांच्याबद्दल जास्त.

आधी कामाचे स्वरूप सांगतो. पेशीभोवती स्निग्ध रेणूंचा दुपदरी पडदा असतो आणि ही प्रथिने त्यात रुतून बसलेली असतात. क्षारांची ने-आण करायची, संप्रेरकाचा निरोप आत पोचवायचा, ही कामे त्यांची. आपण घेतो त्यातल्या कितीतरी गोळ्यांचा नेमही त्यांच्यावरच असतो. त्यांच्या अंगाचा बराच भाग पाण्याला न जुमानणारा. म्हणून तेलकट कढई घासताना करतो तसे डिटर्जंट वापरून त्यांना पडद्यातून सोडवावे लागते. डिटर्जंट कमी पडला तर प्रथिन सुटत नाही, चुकीचा निवडला तर त्याची घडीच विस्कटते.

मग रचना पाहता यावी म्हणून प्रथिनाचे स्फटिक बनवायचे. इथे सुरू होते कोल्ड रूममधले काम. बाहेर मे महिन्याचे पुणे भाजून निघत असते आणि आत चार अंशांत एखादी पीएचडीची विद्यार्थिनी स्वेटर, कानटोपी घालून उभी असते. तिच्या हातात चोवीस खळग्यांची प्लेट असते. प्रत्येक खळग्यावर काचेची चकती, तिला खालून लटकलेला एक-दोन मायक्रोलिटरचा थेंब. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक थेंबांत नुसता साका दिसतो. एखाद्यात काहीतरी चमकते. ते प्रथिन आहे की मीठ? बारीक सुईने टोचून बघायचे. मीठ कडक असते, टचकन फुटते. प्रथिनाचा स्फटिक मऊ, त्याचा भुगा होतो. म्हणजे स्फटिक अस्सल होता हे कळेपर्यंत तो हातचा गेलेला असतो! शोधनिबंधाच्या ‘पद्धती’ विभागात या सगळ्याला दोन ओळी मिळतात.

अशी प्रथिने स्फटिकरूपात येणारच नाहीत, असे एके काळी बहुतेक जाणकार धरून चालले होते. जर्मनीत डीटर ओस्टरहेल्ट यांच्या गटात काम करणाऱ्या हार्टमुट मिशेल यांना मात्र 1978 च्या सुमारास फ्रीजरमध्ये ठेवलेल्या नमुन्यात काचेसारखे कण दिसले आणि त्यांनी हा नाद धरला. पुढे म्युनिकजवळ मार्टिन्सरीडच्या संशोधन संस्थेत आल्यावर त्यांनी एका जांभळ्या जिवाणूचे प्रकाशसंश्लेषण केंद्र निवडले. डिटर्जंटच्या जोडीला हेप्टेनट्रायॉल हा छोटा रेणू वापरला आणि 1981 मध्ये चांगले स्फटिक मिळवले. मिशेल जीवरसायनाचे. स्फटिकावरून रचना काढायचे क्ष-किरणांचे गणित त्याच संस्थेतल्या रॉबर्ट ह्यूबर यांच्या विभागाकडे होते. त्या विभागातले योहान डायझेनहोफर पुढे आले आणि रचना उलगडली. 1984 च्या निबंधावर पाच नावे आहेत : डायझेनहोफर, एप, मिकी, ह्यूबर, मिशेल. नोबेल एका वेळी तिघांपेक्षा जास्त जणांना देता येत नाही. 1988 मध्ये ते पहिल्याला आणि शेवटच्या दोघांना मिळाले. ऑटो एप आणि कुनिओ मिकी ही नावे आज या सभागृहात किती जणांनी ऐकली आहेत? हात वर करू नका, मलाच अवघड होईल.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे. रॉडरिक मॅकिनन शिक्षणाने डॉक्टर, पेशींतले विद्युतप्रवाह मोजणारे. पेशीच्या पडद्यातल्या पोटॅशियम वाहिनी या प्रथिनाचे कोडे त्यांना सुटत नव्हते. ही वाहिनी सेकंदाला कोट्यवधी पोटॅशियम आयन जाऊ देते, पण त्याहून लहान असलेल्या सोडियमला अडवते. लहानाला वाट नाही आणि मोठ्याला आहे, हे कसे? रचना पाहिल्याशिवाय उत्तर मिळणार नव्हते, म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर ते स्फटिकशास्त्र शिकायला बसले आणि हार्वर्ड सोडून रॉकफेलर विद्यापीठात गेले. सुरुवातीला सोबत डेक्लन डॉयल हे पोस्टडॉक आणि रसायनशास्त्रज्ञ असलेल्या त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस, एवढाच काय तो गोतावळा. 1998 मध्ये उत्तर आले. वाहिनीच्या अरुंद गाळणीत ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसले आहेत की, पोटॅशियमला भोवतीचे पाणी सोडल्याचे जाणवतच नाही. सोडियम लहान असल्यामुळे ते अणू त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत, मग तो पाण्यातच राहणे पसंत करतो. मला विचाराल तर जीवशास्त्रात इतके देखणे उत्तर क्वचितच सापडते. निबंधावर आठ नावे होती. 2003 मध्ये स्टॉकहोमच्या व्यासपीठावर त्यांतले एक पोचले.

मॅकिनन किंवा मिशेल यांच्या श्रेयात मी काही कमी करत नाही. न जमणाऱ्या कामावर वर्षानुवर्षे पैज लावायला छाती लागते. माझी तक्रार आपल्या मराठी विज्ञानलेखनाविषयी आहे. पाठ्यपुस्तकापासून दिवाळी अंकापर्यंत आपण एकट्या महापुरुषाचीच कथा सांगतो. वाचणारी मुलगी मग प्रयोगशाळेत येते आणि पहिल्या वर्षी नुसता साका बघून स्वतःला नालायक ठरवते. बाकीच्यांचेही असेच चालले आहे, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते.

तक्रारीचा दुसरा भाग जास्त गंभीर आहे. प्रथिन नेमके कोणत्या घडीला बिघडते, शुद्धीकरणाचा कोणता स्तंभ किती सावकाश चालवायचा, हे ज्ञान हातात असते. आपल्याकडे ते हात बहुधा प्रकल्प सहायकाचे असतात आणि त्याची नेमणूक प्रकल्पापुरती. प्रकल्प संपला की तो औषध कंपनीत जातो आणि पुढचा गट पहिल्यापासून चाचपडत बसतो. कोट्यवधींचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक घ्यायला मंजुरी मिळते, तो चालवणाऱ्याची कायम जागा मात्र मिळत नाही.

आता संगणकच रचना सांगतो, मग ही माणसे हवीत कशाला, असेही कानावर येते. रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणक प्रणालीच्या कामाला 2024 चे नोबेल मिळाले, ते योग्यच होते. पण तो संगणक शिकला कशावर? 1971 पासून जगभरच्या गटांनी प्रोटीन डेटा बँकेत ठेवलेल्या रचनांवर. औषध चिकटल्यावर प्रथिन कसे वळते, भोवतीचा स्निग्ध पडदा त्याला कसा दाबतो, हे अजूनही कोल्ड रूममध्ये जाऊनच तपासावे लागते.

कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. पुढच्या अधिवेशनात एक पूर्ण सत्र संचालक, कुलगुरू आणि माझ्यासारखे अध्यक्ष यांना बंद ठेवावे. त्यात प्रकल्प सहायक, तंत्रज्ञ, पोस्टडॉक यांनी आपण नेमके काय करतो ते मराठीत सांगावे, जमल्यास प्लेट आणि सुई घेऊन यावे. प्रवासखर्चाची तरतूद मात्र आधी करा. अध्यक्षांना तो मिळतो, त्यांना बहुधा मिळत नाही.