शिक्षकाची नोंदवही

शिक्षकाचा अनुभव बहुधा त्याच्याबरोबरच निवृत्त होतो. वर्गात रोज केलेले प्रयोग, त्यांतले यश आणि फसगत, हे सारे चार भिंतींच्या आत विरून जाते. आणि नव्याने येणाऱ्याला तीच वाट पुन्हा पहिल्यापासून चालावी लागते.

हे टाळता येते, असे भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी दाखविले. 'दिवास्वप्न' या आपल्या गुजराती पुस्तकात त्यांनी एका कल्पित शिक्षकाच्या तोंडून चौथीच्या वर्गाची वर्षभराची हकीकत सांगितली आहे. पहिल्याच दिवशी योजलेला शांततेचा खेळ सपशेल फसतो; आणि शिक्षक तेही मोकळेपणाने सांगतो.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी 'शिक्षणपत्रिके'तून हा विचार मराठीत आणला. १९४५ साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुराख्यांसाठी ती कुरणात भरली. पुढे हे कार्य कोसबाडला गेले. अनुताईंनी ते अनुभव 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकात लिहून ठेवले.

हजेरीपटावर गैरहजेरीची केवळ एक खूण उमटते. तिच्यामागची गुरे आणि कडेवरचे धाकटे भावंड शिक्षकाच्या लेखणीलाच दिसतात. म्हणून प्रत्येक शिक्षकाने लिहावे, फसलेलेही लिहावे, आणि ती वही कपाटात न ठेवता शेजारच्या शिक्षकाच्या हाती द्यावी.