सैनिकाचे दुखणे आणि शरीरातील खूण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहे. परंतु महाड-पोलादपूरच्या मुलांना शिकविण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला फौजेचा विषय परका कसा असणार? तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आपल्या पोलादपूर तालुक्यात आहे. पिढ्यान् पिढ्या पलटणीत माणसे पाठविणारे फौजी आंबवडे महाड तालुक्यात आहे. रणांगणी पडलेल्यांचे आपण स्मरण करितो, ते योग्यच होय. आज मला परत आलेल्यांविषयी बोलावयाचे आहे.

सैनिक पेन्शन घेऊन घरी येतो. अंगावर जखम दिसत नाही. तरी सांधे ठणकतात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, विसर पडतो, चार पावले चालताच थकवा येतो. तपासण्या होतात आणि कागदावर ‘सर्व ठीक’ असे लिहून येते. मग घरचीच माणसे म्हणू लागतात, ‘यांना काही झालेले नाही.’ दुखण्यापेक्षा हा शब्द त्याला अधिक लागतो.

रोगाची खूण म्हणजे काय, हे प्रथम पाहू. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचे जंतू जगाला दाखविले. तत्पूर्वीही क्षयाने माणसे मरतच होती. मधुमेहात रक्तातील तांबड्या पेशींना साखर अधिक चिकटते. या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हणून थोड्याशा रक्तावरून मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज येतो. अशा मोजता येणाऱ्या चिन्हास शास्त्रज्ञ ‘बायोमार्कर’ म्हणतात. आपण ‘जैविक खूण’ म्हणू.

आता मराठी पलटणींचेच उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत येथे सहावी पूना डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात अडकली. तीत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. पांढऱ्या पिठाच्या पावावर राहिलेल्या गोऱ्या शिपायांत बेरीबेरी पसरला. हिंदी शिपाई कोंड्यासह पिठाची रोटी खात, म्हणून ते त्यातून बरेचसे बचावले. परंतु भाजीपाला नाही आणि घोड्याचे मांस बहुतेकांनी दीर्घकाळ वर्ज्य मानले, त्यामुळे स्कर्व्हीने त्यांना गाठले. जीवनसत्त्वांचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. आज तीच उणीव रक्त तपासून मोजता येते. दुखणे तेव्हाही खरेच होते. मोजमाप मागाहून आले.

हाच प्रश्न आपल्या काळात पुन्हा उभा राहिला. १९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचे सुमारे सात लाख सैनिक गेले होते. परतल्यावर त्यांपैकी चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांना थकवा, अंगदुखी, विस्मरण व पोटाचे विकार जडले. प्रारंभी पुष्कळांना ‘हे मनाचे खेळ आहेत’ असे सांगण्यात आले. पुढे संशोधकांनी रक्त, मेंदूची छायाचित्रे व आनुवंशिक गुण तपासण्यास आरंभ केला. डॉ. रॉबर्ट हेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली ५०८ आजारी व ५०८ निरोगी माजी सैनिकांची तुलना प्रसिद्ध केली. सारिन नावाच्या विषारी वायूचा नाश करणारे एक द्रव्य शरीरात असते. ते ज्यांच्यात जन्मतः दुबळ्या प्रकारचे होते आणि ज्यांनी युद्धात विषारी वायूचे इशारे ऐकले होते, त्यांच्यात हा आजार अधिक आढळला. हा मोठाच धागा होय. तथापि एकेका रोग्याचे निदान पक्के करणारी एकही रक्ततपासणी अद्याप सर्वमान्य झालेली नाही. वैद्याला आजही रोग्याची हकीकतच ऐकावी लागते.

यातून आपण काय घ्यावे? पहिले असे की, खूण सापडली नाही एवढ्यावरून माणसाला खोटे ठरवू नये. दुसरे, ज्या रोगांच्या खुणा सापडल्या आहेत, त्यांच्या तपासण्या चुकवू नयेत. साखर, रक्तदाब व मूत्रपिंड यांची परीक्षा वेळेवर व्हावी. तिसरे, भरतीच्या व निवृत्तीच्या वेळचे वैद्यकीय कागद जिवापाड जपावेत. धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली असे म्हटले की, भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर नंतर उद्भवलेला रोग सामान्यतः सेवेमुळे झाला असे धरावे. २०२३ साली नवे नियम आले आहेत. म्हणून कोणास काय लागू पडते, ते अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घ्यावे. पुराच्या मुलखात राहणाऱ्यांनी हे कागद माळ्यावर उंच ठेवावेत; सावित्रीने जुलै २०२१ मध्ये काय केले, हे महाडकरांस सांगावयास नको.

मंडळास माझी एक विनंती आहे. वर्षातून एक दिवस गावोगावच्या माजी सैनिकांसाठी राखावा. तरुणांनी त्यांची हकीकत लिहून घ्यावी : कोठे नोकरी झाली, कोणत्या हवेत राहिले, कोणती औषधे घेतली, दुखणे केव्हा सुरू झाले. उद्याच्या वैद्याला शरीरातील खूण शोधावयाची झाल्यास आरंभ याच वहीपासून करावा लागेल. ज्याने देशासाठी उमेदीची वर्षे दिली, त्याचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकणे हे तर आजच आपल्या हाती आहे.