दुय्यम श्रेणीचा खेळाडू



खेळाच्या इतिहासात विजेत्यांची नावे राहतात. परंतु कोणताही खेळ केवळ विजेत्यांच्या बळावर चालत नाही. राष्ट्रीय संघातील मोजक्या खेळाडूंच्या मागे शेकडो खेळाडू असे असतात की, ज्यांना देशाच्या वतीने खेळण्याची संधी कधी लाभत नाही; लाभलीच तर ती चार-दोन सामन्यांपुरती. हे खेळाडू आयुष्याची उमेदीची दहा-बारा वर्षे खेळाला देतात. या काळात त्यांचा उदरनिर्वाह कसा चालतो आणि खेळ संपल्यावर त्यांचे काय होते, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. हॉकीच्या संदर्भात हा विचार करण्यास चंडीगढ हे शहर फार उपयुक्त आहे.

तुलनेसाठी प्रथम एक दूरचे उदाहरण घेऊ. कॅनडातील डंकन या लहानशा गावी १९६६ साली एका पंजाबी कुटुंबात रॉबिन बावा यांचा जन्म झाला. त्यांचा खेळ हॉकीच, पण बर्फावरची. १९८९-९० च्या हंगामात ते वॉशिंग्टनच्या संघातून नॅशनल हॉकी लीग या सर्वोच्च स्पर्धेत उतरले. तेथवर पोहोचलेले भारतीय वंशाचे ते पहिले खेळाडू होत. तथापि, या स्पर्धेत चार संघांकडून मिळून त्यांना केवळ ६१ सामने खेळावयास मिळाले. त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग फोर्ट वेन, बाल्टिमोर अशा शहरांच्या दुय्यम श्रेणीच्या संघांत गेला.

उत्तर अमेरिकेत या दुय्यम श्रेणीची एक पक्की शिडी आहे. अमेरिकन हॉकी लीग १९३६ पासून चालू आहे. वरच्या संघातील एखादा खेळाडू जायबंदी झाला की खालच्या संघातील खेळाडूला बोलावणे येते. गरज सरली की त्याला परत पाठविण्यात येते. पुष्कळ करारांत वेतनाचे दोन आकडे असतात, एक वर खेळताना मिळावयाचा आणि दुसरा खाली खेळताना. त्याहून खालच्या पायरीवर १९८८ साली सुरू झालेली आणखी एक लीग आहे. तेथे वेतन आठवड्याच्या हिशेबाने मिळते आणि राहण्याची सोय संघ करतो. या शिडीवर श्रीमंती नाही. लांबलांबचे बसप्रवास आणि दुखापती मात्र भरपूर. तरीही खेळाडूला एक गोष्ट ठाऊक असते : येत्या शरद ऋतूत हंगाम पुन्हा सुरू होणार आहे. तिशी उलटल्यावर काय करावयाचे, हे मात्र त्याचे त्यालाच पाहावे लागते.

आता आपल्याकडील मैदानी हॉकीकडे वळू. आपल्याकडे खेळाडूचा पोशिंदा हा क्लब नसून कचेरी आहे. पोलीस, रेल्वे, सीमा सुरक्षा दल, बँका आणि तेल कंपन्या यांचे संघ असतात आणि खेळाडू त्या त्या खात्याचा नोकर असतो. चंडीगढ तर १९६६ पासून दोन राज्यांची राजधानी आणि स्वतः केंद्रशासित प्रदेश आहे. त्यामुळे येथल्या मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाची नजर साहजिकच सरकारी नोकरीकडे असते.

खात्यांची ही पकड किती जुनी आहे, हे बलबीर सिंग (ज्येष्ठ) यांच्या चरित्रावरून दिसते. त्यांचे वडील स्वातंत्र्यसैनिक होते. ब्रिटिश अमलाखालील पोलिसांत नोकरी नको म्हणून तरुण बलबीर सिंग दिल्लीला निघून गेले. परंतु पंजाब पोलिसांना आपल्या संघासाठी ते हवे होते. त्यांना दिल्लीत बेड्या घालून जालंधरला आणण्यात आले. नोकरी किंवा तुरुंग, असा पर्याय त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. पुढे याच खेळाडूने १९४८, १९५२ आणि १९५६ या तिन्ही ऑलिंपिक स्पर्धांत भारतातर्फे सुवर्णपदक मिळविले. १९५२ च्या अंतिम सामन्यात भारताच्या सहा गोलांपैकी पाच त्यांचे होते. मैदान सोडल्यावर पंजाब सरकारच्या क्रीडा विभागात त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. उत्तरायुष्यात ते चंडीगढला राहिले. २०२० साली त्यांचे निधन झाले. एवढ्या श्रेष्ठ खेळाडूचाही संसार खेळाच्या मानधनावर नव्हे, नोकरीच्या पगारावर चालला. मग सामान्य खेळाडूची काय कथा!

२००५ साली एक नवी वाट दिसू लागली. प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली. तीत दोन श्रेणी होत्या. मराठा वॉरियर्स पहिल्या श्रेणीत होता, तर चंडीगढचा डायनामोज हा संघ पहिल्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत होता. ही लीग २००८ साली थांबली. त्यानंतर २९ फेब्रुवारी २०१२ रोजी वर्ल्ड सीरीज हॉकीचा पहिला सामना चंडीगढच्या सेक्टर ४२ मधील मैदानावर झाला. चंडीगढ कॉमेट्स हा येथला संघ होता. अंतिम सामन्यात शेर-ए-पंजाबने पुणे स्ट्रायकर्सचा पराभव केला. या स्पर्धेला आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची मान्यता नव्हती. वर्ष ऑलिंपिकचे होते. तेव्हा करार स्वीकारावा की राष्ट्रीय संघाची आशा धरावी, असा पेच खेळाडूंपुढे पडला. त्या स्पर्धेचा दुसरा हंगाम झालाच नाही. २०१३ साली हॉकी इंडिया लीग आली, २०१७ नंतर ती खंडित झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली.

या सनावळीकडे खेळाडूच्या वयाच्या हिशेबाने पाहिले पाहिजे. २००५ साली वीस वर्षांचा असलेला खेळाडू पहिली लीग थांबली तेव्हा तेवीस वर्षांचा होता. दुसरी आली तेव्हा त्याला सत्तावीस वर्षे झाली होती. तिसरी खंडित झाली तेव्हा बत्तीस. आणि ती पुन्हा सुरू झाली तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता. प्रेक्षकांच्या दृष्टीने हा नुसता खंड आहे. त्या खेळाडूच्या दृष्टीने त्यात त्याची सारी कारकीर्द सरली.

म्हणूनच नोकरीला चिकटून राहणाऱ्या खेळाडूला महत्त्वाकांक्षा नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाच आठवड्यांच्या स्पर्धेवर बावन्न आठवड्यांचे घर चालत नाही. मैदानावरचा काळ फार तर बत्तिशी-पस्तिशीपर्यंतचा. नोकरी मात्र साठीच्या आसपासपर्यंत पुरते. अर्थात नोकरीतही उणिवा आहेत. खात्यांतील जागा मर्यादित असतात आणि ज्याला जागा मिळत नाही, त्याच्यासाठी खाली दुसरी पायरीच नसते. तिकडील शिडीवर खेळाची शाश्वती आहे, पण उत्तरायुष्याची नाही. आपल्याकडे ज्याला नोकरी मिळाली त्याच्या उत्तरायुष्याची सोय आहे, पण खेळाची शाश्वती नाही.

या दोहोंचा मेळ घालणे अशक्य नाही. स्पर्धा लहान असली तरी चालेल, पण ती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात झाली पाहिजे. खात्यांनी आपल्या खेळाडूंना त्या काळापुरती रजा द्यावी. ज्यांना नोकरी नाही, त्यांच्या करारात दुखापतीच्या विम्याची आणि पुढील शिक्षणाची तरतूद असावी. सेक्टर ४२ च्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जण राष्ट्रीय संघात पोहोचणार नाहीत. त्यांनाही दहा वर्षे सन्मानाने खेळता यावे आणि नंतर सन्मानाने जगता यावे, ही व्यवस्था करणे हे क्रीडासंस्थांचे आणि शासनाचे कर्तव्य आहे.